आंबेमळा नाक्यावरचा तारांकित प्रश्न

आंबेमळा जकात नाक्यावर सगळं होतं. ट्रकसाठी वजनकाटा होता, पावतीपुस्तकं ठेवायला तीन लोखंडी कपाटं होती, पुरुषांसाठी मुतारी होती आणि साहेबांसाठी चक्क फिरती खुर्ची होती. नाशकात शिरणारा माल जकात भरल्याशिवाय इथून तसूभरही पुढे सरकत नसे. नव्हता तो फक्त बायकांसाठी संडास. नाक्यावर बायका तरी कितीशा? एकच. दीपमाला काठे, कनिष्ठ लिपिक. एका बाईसाठी चार भिंती उभ्या कराव्यात की नाही, यावर खातं चार वर्षं विचार करत होतं.

दीपमाला सकाळी घरून निघताना चहा अर्धाच घ्यायची आणि दिवसभर माठाकडे पाठ करून बसायची. अगदीच नाइलाज झाला तर रस्ता ओलांडून समोरच्या उसात, तेही एखादा ट्रक आडोशाला उभा असेल तर. वर्षभरात दोनदा लघवीच्या जळजळीनं ती तापानं पडली. पाणी भरपूर प्या, असं डॉक्टरांनी बजावलं. सल्ला उत्तम होता, पण डॉक्टरांच्या दवाखान्यात संडास होता. तिनं तीन अर्ज दिले. तिन्हींवर साहेबांच्या वरच्या साहेबांचा एकच शेरा आला: प्रस्ताव विचाराधीन आहे.

आता हे प्रकरण थेट विधानसभेत कसं गेलं, ते सांगायला हवं. ९८ सालच्या दिवाळीआधी नाक्यावर मालमोटारींची ही लांब रांग लागली होती. त्या रांगेत विरोधी पक्षाच्या एका आमदाराची गाडी सव्वा तास अडकली. आमदार गाडीत घोरत होते. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई मात्र लासलगावहून लग्नाची पंगत आणि दोन पेले मठ्ठा घेऊन निघाल्या होत्या. त्या लगबगीनं नाक्यात शिरल्या आणि दीपमालाला हळूच विचारत्या झाल्या. दीपमालानं उसाकडे बोट केलं. चंद्रभागाबाईंनी आधी उसाकडे पाहिलं, मग आपल्या पैठणीकडे पाहिलं आणि गेल्या बिचाऱ्या उसात. त्या रात्री आमदारांच्या घरी काय बोलणं झालं कोण जाणे, पण नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचा, प्रश्न दाखल झाला.

उक्त नाक्यावर महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? प्रश्न नागपूरहून निघाला आणि टेबलामागून टेबल उतरत, प्रत्येक पायरीवर एकेक शिक्का खात आंबेमळ्यात पोचला. वर तांबड्या शाईत लिहिलं होतं, वस्तुस्थिती आजच कळवावी. राज्यमंत्री सभागृहात जे धीरगंभीर आवाजात वाचून दाखवतात, ते मुळात कुठल्या तरी नाक्यावर, कुठल्या तरी कारकुनानं, पंखा बंद असताना लिहिलेलं असतं. आंबेमळ्याचा तो कारकून म्हणजे दीपमाला. जकात अधीक्षक मोतीराम गायधनींना लिहिण्याचं वावडं होतं. ते सही करत, आणि सहीसुद्धा अर्धीच.

कागद वाचून दीपमालाला हसू आलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी विचारत होतं की हे खरं आहे का. तिनं झटकन लिहिलं: होय, हे खरे आहे. मग तिचा हात थांबला.

अशी उत्तरं लिहून तिचा हात बसलेला होता. खरं आहे असं लिहिलं की पुढे काय होतं ते तिला पाठ होतं. त्याखाली वरच्या टेबलावर भर पडायची, प्रस्ताव विचाराधीन आहे. मंत्री ते वाचणार, आमदार खाली बसणार, आणि हाही कागद तिच्या तीन अर्जांशेजारी जाऊन निजणार. खरं सांगितल्यानं सरकारचं काहीच बिघडत नाही. पण मंत्री सभागृहात खोटं बोलल्याचं उघड झालं, तर हक्कभंग येतो, आणि हक्कभंगाला सरकार जेवढं भितं तेवढं देवालाही भीत नाही.

तिनं तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: हे खरे नाही. उक्त नाक्यावर महिलांसाठी स्वच्छतागृह उपलब्ध आहे. सबब विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही. पकडली गेली तर नोकरी जाणार होती, आणि घरात पगार आणणारी ती एकटीच होती.

गायधनीसाहेबांनी ‘हे खरे नाही’ एवढं वाचलं आणि खूश होऊन सही ठोकली. त्या तीन शब्दांपुढे वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पुंजा शिपाई कागद घेऊन सायकलवरून फॅक्स करायला गेला. दीपमालानं त्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण तो वळणावरून दिसेनासा झाला.

मंगळवारी मंत्र्यांनी उत्तर वाचलं. आमदार उसळले. आमच्या मंडळींना उसात जावं लागलं, असं भर सभागृहात म्हणाले. सभागृह हसलं, आणि हसू ऐकून मंत्र्यांना चेव आला. सन्माननीय सदस्यांनी सपत्नीक येऊन खात्री करून घ्यावी, असं त्यांनी आव्हान देऊन टाकलं. आमदारांनी सोमवार सांगितला, पत्रकारांना घेऊन.

तासाभरात नाक्यावरचा फोन खणखणला. फोन ठेवल्यावर गायधनीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“काठेबाई, हे काय लिहिलंत तुम्ही?”

“सही तुमची आहे, साहेब,” दीपमाला म्हणाली. “आणि आता मंत्री खोटं बोलले असं कोण म्हणणार? तुम्ही?”

साहेब बराच वेळ खुर्चीत नुसते फिरत राहिले. मग त्यांनी इंजिनियरला फोन लावला.

चार वर्षांत न सुचलेली जागा अर्ध्या तासात सापडली. शनिवारपर्यंत भिंती, पत्रा, टाकी, नळ, सगळं उभं राहिलं. पंचाईत वेगळीच झाली. ते नवंकोरं दिसत होतं, आणि सरकारच्या म्हणण्यानुसार ते आधीपासून होतं. मग रविवारी त्याला म्हातारं करायचं काम निघालं. भिंतींवर चहाचं पाणी शिंपडलं, गोदामातली गंजकी कडी आणून लावली, आणि पुंजानं बाहेरच्या भिंतीवर खिळ्यानं ‘राज–सुवर्णा’ असं कोरून भोवती बदाम काढला. बदाम जरा भोपळ्यासारखा झाला. उद्घाटन करायची तर सोयच नव्हती. फीत नाही, कोनशिला नाही, भाषण नाही. नाशकात बिनभाषणाचं उघडलेलं सरकारी बांधकाम बहुधा हे एकच असावं.

सोमवारी आमदार सपत्नीक आले. पत्रकार आले. आमदारांनी भिंतीला हात लावून पाहिला, तर हाताला ओलसर लागलं. त्यांचे डोळे चमकले.

“पाहा,” ते पत्रकारांना म्हणाले, “ज्यांनी त्या दिवशी भोगलं, त्याच सांगतील.”

चंद्रभागाबाई पुढे आल्या. या बाईंनी एक वाक्य खरं बोलायचं, की संपलं. चंद्रभागाबाईंनी भोपळ्यात अडकलेले राज आणि सुवर्णा पाहिले, दीपमालाचा उतरलेला चेहरा पाहिला, आणि आत गेल्या. आतून नळाचा आवाज आला. पाच मिनिटं सगळी लोकशाही बाहेर उन्हात उभी होती.

बाहेर येऊन त्यांनी पदरानं हात पुसले.

“होतं की हे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मीच त्या दिवशी घाईत उलट्या बाजूला गेले.”

आमदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गाडीत बसता बसता चंद्रभागाबाई दीपमालापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “आतून कडी जरा घट्ट बसवून घ्या, बाई.” दीपमालानं हात जोडले.

बुधवारी नाक्यावर फोन आला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या नाक्यावरून कोणी मैना गावित बोलत होती. तिनं पेपरात वाचलं होतं. तिच्या नाक्यावर ती सात वर्षं होती आणि गत तीच, फक्त समोर ऊस नव्हता, नुसतं माळरान होतं.

“मंत्र्याचं उत्तर तुमीच लिवता ना, ताई? आमच्याकडं बी हाय म्हणून लिवा की.”

दीपमालानं साहेबांच्या खोलीकडे पाहिलं. साहेब सह्या करत होते.

“लिहीन,” ती म्हणाली. “पण आधी प्रश्न विचारणारा आमदार पाहिजे.”



“आमच्या आमदाराची मंडळी उद्या माहेराला चालली, आमच्याच नाक्यावरून,” मैना म्हणाली. “किती येळ अडवू गाडी?”

“तासभर पुरे,” दीपमाला म्हणाली. “आणि आल्या आल्या त्यांना चहा द्या. दोन कप.”