दोन बोटं सैल

आठ तारखेला सकाळी आठ वाजता ती रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर वजनकाट्यावर उभी राहिली. डाव्या हाताने तिने पँटची कंबर धरून ठेवली होती, कारण पँट खाली घसरत होती.

"दोन्ही हात मोकळे सोडा, मॅडम," परिचारिका म्हणाली.

तिने हात सोडला. काट्यावर ब्याऐंशीचा आकडा आला आणि तिथेच थांबला. परिचारिकेने तिला खाली उतरवलं, पुन्हा चढवलं. आकडा बदलला नाही.

"ऐंशी हवंय," परिचारिका म्हणाली.

"मला वाटलं होतं, आज त्याच्याही खाली येईल. काटा नीट आहे ना तुमचा?"

"काटा नीट आहे. पण कपडे मात्र खूपच सैल झालेत तुमचे."

"तेच म्हणतेय मी."

परिचारिकेने पुढची तारीख दिली. वीस. शस्त्रक्रिया त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठरली होती. वीस तारखेला वजन ऐंशीवर उतरलं नाही, तर ती जागा दुसऱ्या रुग्णाला जाणार होती आणि तिच्या भावाचा नंबर पुन्हा कधी लागेल हे कुणी सांगायला तयार नव्हतं.

भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. बस चालवायचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून डेपोने त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं. मूत्रपिंड द्यायला आई तयार होती, तिचं वय आडवं आलं. भावाची बायको तयार होती, तिचा रक्तगट आडवा आला. उरली ही. हिचं सगळं जुळलं, फक्त वजन आडवं आलं. ते तेव्हा एक्याण्णव होतं. सर्जनने समोर बसवून समजावलं होतं : एक मूत्रपिंड दिल्यावर उरलेल्या एकट्याला सगळ्या शरीराचा गाडा ओढायचा असतो, तो गाडा आधी हलका करा. आम्हाला एकाला वाचवताना दुसऱ्याला आजारी पाडायचं नाही.

त्याला पाच महिने झाले होते.

डायलिसिसचा विभाग त्याच मजल्यावर होता. धाकटा खुर्चीत रेलून बसला होता, हाताला नळ्या लावलेल्या होत्या. हातातली नस दोनदा बंद पडली होती, आता दुसऱ्या हातावर काम चाललं होतं.

"किती?" त्याने विचारलं.

"ब्याऐंशी."

त्याने छताकडे बघून हिशेब केला. "मागच्या वेळी त्र्याऐंशी होतं ना?"

"हो."

"दीड महिन्यात एक किलो. ढमे, आमच्या डेपोतली पंक्चर झालेली बससुद्धा याहून जोरात जाते."

ढमी हे तिचं लहानपणचं नाव. आता ते फक्त तोच घेत असे.

"हसू नकोस. माझं डोकं चालत नाहीये," ती म्हणाली. "कपडे बघ कसे झालेत. आणि काटा म्हणतो, काही नाही."

"बरं, ऐक. एक शंका आहे. तुझी किडनी मला बसवली, की मलाही सारखं गोड खावंसं वाटेल का?"

"वाटेल. आणि भाऊजींशी भांडावंसंही वाटेल."

"मग नको, परत घे," तो म्हणाला. थोड्या वेळाने डोळे मिटून त्याने हळूच विचारलं, "ताई, वीसपर्यंत होईल?"

तिने त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

तिचा नवरा शिंपी होता. खाली दुकान, वर दोन खोल्या. नवे कपडे तो क्वचित शिवायचा. लोक आणायचे ते घट्ट झालेले कोट, लांब झालेल्या पँट, लग्नानंतर बसेनासे झालेले झगे. उसवायचं, सैल करायचं, आवळायचं, हेच त्याचं काम. त्यात त्याचा हात असा होता की गिऱ्हाइकाला नवी शिवण दाखवून द्यावी लागे. ती काउंटर सांभाळायची, इस्त्री करायची, बटणं लावायची.

वजन कमी करण्याचे पहिले दोन महिने बरे गेले होते. उकडलेल्या भाज्या, साखर बंद, रोज संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत चालणं. आकडा उतरत होता. तिसऱ्या महिन्यात तो अडला. ती तेवढंच खात होती, तेवढंच चालत होती आणि घरचा काटा रोज सकाळी तेच सांगत होता. एके दिवशी ती काट्यावरून उतरली ती तशीच पलंगाच्या कडेवर बसली. "माझ्याच्याने नाही होणार," ती म्हणाली. "त्याला सांगून टाका, दुसरं कुणीतरी बघ म्हणावं." त्या दिवशी ती चालायला गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

शिंप्याने घरचा काटा उचलला आणि कपाटावर टाकला.

"शिंप्याच्या घरात काट्याचं काय काम?" तो म्हणाला होता. "आपल्याला कपड्यांवरून कळेल."

आणि कळायला लागलं होतं. आठवड्याभरात पँट सैल वाटली. मग सदरे खांद्यावर ढगळ झाले. तिने पुन्हा बूट घातले. पुलाच्या अलीकडे थांबायची ती पुलाच्या पलीकडे जाऊ लागली. रुग्णालयात वजन झालं तेव्हा त्र्याऐंशी भरलं, सर्जनने पाठ थोपटली. त्यानंतर कपडे आणखी सैल होत गेले. तशी तीही थोडी सैल झाली. उतरतंय ना, मग एखादं बिस्किट चालतं. इस्त्रीचं काम फार असलं, की चालणं एखाद दिवस राहिलं तरी चालतं.

आठ तारखेला ती रुग्णालयातून परतली तेव्हा दुपार झाली होती. नवरा चेन आणि दोरे आणायला बाजारात गेला होता. घसरणारी पँट हातात धरून आणखी एक दिवसही हिंडायचं नाही, असं तिने ठरवलं. तिने दुसरे कपडे घातले, पँट उलटी केली आणि कंबर आवळायला मशीनवर बसली.

बाजूच्या शिवणीला लागून कापडाचा एक पट्टा बाकीच्या कापडाहून गडद होता. पाणी आणि ऊन न लागलेला. त्याच्या कडेने सुईची बारीक भोकं एका रेषेत गेली होती. ओल्या फडक्याने इस्त्री करून ती बुजवली होती, पण बोट फिरवलं की लागत होती. शिवण त्या रेषेच्या बाहेर सरकवून पँट सैल केलेली होती. टाक्याच्या शेवटी दोरा उलटा नेऊन तीनदा अडकवला होता. शहरातले बाकीचे शिंपी दोनदा अडकवतात.

तिने वर जाऊन कपाट उघडलं. दुसरी पँट, चारही सदरे, हिवाळ्याचा कोट. सगळ्यांची शिवण बाहेर सरकली होती. काहींची दोन-तीनदा.

नवरा परत आला तेव्हा सगळे कपडे उलटे करून कटिंगच्या टेबलावर मांडलेले होते. त्याने दाराची पाटी फिरवून 'बंद' केली आणि दोऱ्यांची पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काटा वर टाकला तेव्हापासून."

"म्हणजे माझ्या अंगावरून काही गेलंच नाही. तुमच्या सुईने गेलं."

"असं नाही."

"मग कसं ते सांगा. वीस तारीख आहे. दोन किलो राहिलंय. मला वाटत होतं मी पुढे आहे, आणि मी बसले होते बिस्किटं खात. माझ्या भावाचा दीड महिना खाल्लात तुम्ही."

तो स्टुलावर बसला. टेप गळ्यातच होती, ती काढून त्याने बोटाभोवती गुंडाळली.

"एकदाच करणार होतो," तो म्हणाला. "तू चालणं सोडलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी. बोटभरसुद्धा नाही, त्याहून कमी. ती पँट घालून तू जिना चढलीस आणि वर गुणगुणत होतीस. किती दिवसांनी ऐकलं मी ते."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तू काढलेलं बिस्किट परत डब्यात ठेवलंस. म्हटलं, लागू पडतंय."

"तिसऱ्यांदा?"

"तेव्हा चुकलं," तो म्हणाला. "तेव्हा तू ताटात परत वाढून घ्यायला लागली होतीस. मला दिसत होतं. सांगायला हवं होतं. रोज म्हणायचो, आज सांगू. पण तू आरशासमोर उभी राहून कंबरेत हात घालून दाखवायचीस, बघा म्हणून. जीभच उचलायची नाही."

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केलं, पाटी वाचली आणि निघून गेलं.

"गिऱ्हाइकाला असं फसवलं असतं तुम्ही?"

"गिऱ्हाइकाला कशाला फसवू?" तो म्हणाला. "गिऱ्हाइक जाड राहिलं तर माझं काय जातं."

तिला हसू येत होतं आणि ते तिला नको होतं. तिने तोंड फिरवलं. मग पँट उचलून त्याच्या मांडीवर टाकली.

"जुन्या रेषेवर घ्या. पाच महिन्यांपूर्वी होती तिथे. सगळं. आत्ता."

त्याने उसवलं. ती शेजारी बसून सुटलेले दोरे वेचत राहिली. पँट झाल्यावर ती पडद्यामागे गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं. "घट्ट होतेय का?"

ती बाहेर आली. जुन्या शिवणीवर असलेली पँट तिच्या कंबरेला टेकत नव्हती. शिंप्याने सवयीने बोटं घालून पाहिलं. दोन बोटं सहज गेली.

"जुनीच रेषा आहे ना?" तिने विचारलं. "खरं सांगा."

"तूच बघ."

तिने पँटची कड वळवून स्वतः पाहिलं. भोकांची रेषा शिवणीखाली झाकली गेली होती. तो अजूनही टेप बोटाला गुंडाळूनच उभा होता.

"मलाही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "माझं किती आणि तुझं किती, हिशेबच राहिला नव्हता."

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"हो. हे तुझं."

संध्याकाळी तिने भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या बायकोने फोन काढून घेतला. मग त्याने परत मागून घेतला.

"भाऊजींना काही बोलू नकोस," तो म्हणाला. "माझ्यासाठी इतकी खटपट डेपोमॅनेजरनेही केली नाही."

"तुझा दीड महिना गेला त्यात."

"गेला," तो म्हणाला. हसणं थांबलं होतं. "गेला तो गेला. तू उद्या चालणार आहेस ना?"

नऊ तारखेपासून ते दोघं चालतात. शिंप्याला सवय नाही, पुलाच्या अलीकडेच त्याला धाप लागते आणि ती त्याला तिथल्या बाकावर सोडून पुढे जाते, येताना उचलून आणते. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं आहे की घाईने उपाशी राहायचं नाही, रक्ताच्या तपासणीत ते दिसतं आणि मग वजन बसलं तरी टीम नकार देते. म्हणून ती दोन्ही वेळा जेवते, मोजकं, आणि बिस्किटाचा डबा दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठेवलेला आहे. बारा की तेरा तारखेला तिने एक खाल्लं. खाल्ल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं.

पंधरा तारखेला धाकट्याला ताप आला. नळी लावायच्या जागी जंतुसंसर्ग आहे की साधा ताप, हे रक्ताच्या अहवालावरून ठरेल. त्याला रुग्णालयात ठेवून घेतलं आहे. शस्त्रक्रियेची तारीख अजून तरी बदललेली नाही. सर्जन म्हणाले, आपण दोघांचीही वाट बघू, त्याच्या अहवालाची आणि तुमच्या वजनाची.

आज एकोणीस. दुपारी ती त्याच्याकडे जाऊन आली. ताप उतरला होता, अहवाल आला नव्हता. त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हे कपडे खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

"मग बारीक दिसतेस, ताई," तो म्हणाला.

वजनाची वेळ उद्या सकाळी आठची आहे.