साफ केलेला मारवा

नखाएवढा तो पेन ड्राइव्ह… खिशात आधी किल्ल्या हाताला लागतात, मग रुमाल, आणि रुमालाच्या घडीत हा. एवढ्याशा जिवात अख्खा मारवा मावतो याचं त्याला अजूनही हसू येतं. डॉक्टर असते तर म्हणाले असते, "काय मिस्त्री, आता गवई खिशात घालून फिरता वाटतं!"—आणि सगळे हसले असते, आणि तोही हसला असता, सर्वांत मोठ्याने. मिस्त्री हे नाव डॉक्टरांनीच ठेवलेलं. ऐकायचं डॉक्टरांनी आणि खरखर काढायची ह्याने, अशी कामाची वाटणी कधी ठरली कोण जाणे, पण ठरली ती ठरलीच.

डॉक्टर जाऊन वर्ष होत आलं. तरी रविवारी दुपारची बैठक त्यांच्याच घरी भरते. वहिनींनीच तसा हट्ट धरला. वकील येतात, ग्रंथपालबाई येतात, ज्याने त्याने आपल्याकडचं काही दुर्मिळ आणायचं, लावायचं, चहा घ्यायचा. डॉक्टरांच्या खुर्चीत आता तो बसतो. बस म्हणून कोणी सांगितलं नाही, आणि कोणी हटकलंही नाही.

आजचं ध्वनिमुद्रण याच खोलीतलं. फार वर्षांपूर्वी गायिका इथे, खिडकीकडे पाठ करून गायल्या होत्या आणि डॉक्टरांनी समोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. ती कॅसेट वहिनींनी कपाटातून काढून त्याच्या हातात दिली. "भाऊजी, फार खरखरते हो. तेवढी साफ करून द्या."

साफ केली. पडद्यावर आवाजाचे पट्टे मांडून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक डाग पुसत गेला—वकिलांचा खोकला, दाराची घंटा, कपबशीची किणकिण—आणि मग तो डाग आला. मारव्यात षड्ज सहजासहजी देत नाहीत; गायिका त्याच्या भोवती भोवती फिरत राहतात, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि त्या श्वास घेतात तेवढ्या फटीत, षड्जाच्या पाऊलभर आधी, डॉक्टरांचं ते "आहा…". डॉक्टरांना कळायचं, षड्ज आता येणार. नेहमी आधी कळायचं. आणि मग आम्ही सगळे माना डोलवायचो, शाळेतल्या पोरांसारखे, गुरुजी हसले की हसायचं… मी उठलो, चहा करून प्यालो, परत येऊन बसलो, आणि ते पुसलं. लगतच्या सेकंदांतला तंबोऱ्याचा सूर ओढून त्यावर ठिगळ लावलं. आवाज तो आवाज, खोकला काय आणि आहा काय. असं मी मला म्हणालो, म्हणजे म्हणावं लागलं.

आता मारवा चालू होता आणि खोलीत खरोखर गायिका बसल्यासारखं वाटत होतं. वकिलांनी डोळे मिटले होते. वहिनी कधी बैठकीत बसत नाहीत. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणतात. पण ती जागा जवळ आली आणि स्वयंपाकघराच्या दारात त्या येऊन उभ्या राहिल्या, ओले हात पदराला पुसत. रागाचं नाव माहीत नसलेल्या बाईला जागा बरोबर माहीत होती.

षड्ज आला. सगळे हलले. वहिनी मात्र हलल्या नाहीत. अजून काही यायचं असल्यासारख्या ऐकत राहिल्या, आणि मग ऐकणं सोडून नुसत्या उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, कमाल केलीत!" संपल्यावर वकील म्हणाले. "लख्ख! माझा खोकलासुद्धा बरा केलात."

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्यांचा आवाज होता ना त्यात? तो कुठे गेला?"

"टेपच गेली होती तिथे," तो म्हणाला. जीभ अजिबात अडखळली नाही, याचं त्याला नवल वाटलं. "बुरशी. तेवढा तुकडा हाताला लागलाच नाही."

"असू दे. तुम्ही तरी काय करणार? एवढी मेहनत घेतलीत." आणि वर त्याचीच समजूत घालत त्या हसल्या. "मी आपली दुपारची एकटी असले की लावायचे. तेवढ्यासाठीच. गाणं कुठे कळतंय मला."

कॅसेट त्याच्या घरी टेबलाच्या खणात धडधाकट होती. सांगता आलं असतं… अहो वहिनी, एक प्रत चुकून… पण बुरशी सांगून झाली होती, आणि आता ती खरी करायची तर खणातली कॅसेट कधी सापडताच कामा नये, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात अगदी शांतपणे हिशेब मांडल्यासारखं म्हणालं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"पुन्हा लावा की," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ती षड्जाची जागा ऐकू पुन्हा."

पुन्हा तोच मारवा. या वेळी त्याने ठरवलं, नीट ऐकायचं, कानात प्राण आणून. गायिका निषादावरून रिषभावर गेल्या, परतल्या, पुन्हा गेल्या… आता येईल. नाही. आता. नाही. इतकी वर्षं ही जागा त्याला तोंडपाठ होती, आणि आता ती सापडेना. अंधाऱ्या जिन्यात शेवटची पायरी चाचपावी तसा तो चाचपडत राहिला. डॉक्टरांच्या आधी त्याला षड्ज कधी कळलाच नव्हता. त्याला फक्त डॉक्टर कळायचे.

गायिकांनी श्वास घेतला. वकिलांनी डोळे उघडले, ग्रंथपालबाईंनी मान वर केली, आणि दोघांनीही, ठरवल्यासारखं, त्याच्याकडे पाहिलं. दाद त्याने द्यायची होती. हेच तर हवं होतं मला. आत वहिनींनी भांडी घासायला घेतली होती, नळ पुरता सोडून. या वेळी त्या दारात आल्या नव्हत्या. ते दोघे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि सूर येऊन गेला की अजून यायचा आहे, हे त्याला कळेना.