नीलमपूरची ज्वारी

अंबडच्या कचेरीत नरहर नक्कलनवीस होते. त्यांच्या पत्नी रमाबाई दुपारच्या वेळी गल्लीतल्या बायकांना स्वतः रचलेली गोष्ट वाचून दाखवत. दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं, तरी घासलेट कार्डावरच मिळे आणि निजाम सरकारची लेव्ही चालूच होती. पिकलेल्या ज्वारीतला ठरलेला हिस्सा सरकारी भावानं घालायचा. लपवलेली सापडली तर जप्ती आणि कोठडी.

रमाबाईंच्या गोष्टीत यातलं काही नव्हतं. तिथं नीलमपूर नावाचं राज्य होतं आणि तिथल्या राजाच्या पंगतीला रोज हजार पानं जेवून उठत होती.

एकदा सगुणाबाई तूप घेऊन आल्या. तीन कोसांवरच्या गावातून त्या दर आठवड्याला यायच्या आणि उंबऱ्याशी बसून जरा वेळ ऐकायच्या. त्या दिवशी मधेच म्हणाल्या, "बाई, हजार मान्सं रोज जेवून राह्यली. मंग ज्वारी पिकवून कोन राह्यलं?"

बायका हसल्या. रमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट पहिल्यापासून लिहायला घेतली. हजार पानांना किती शेतं लागतील, किती बैल लागतील? नीलमपूरला समुद्र नाही, मग मीठ कुठून येणार? कापूस देऊन व्यापारी मीठ आणतात, पण पावसाळ्यात नदी अडवते, म्हणजे श्रावणात मीठ महागणार. असं एकाला एक जोडत गेलं की राज्य खरं वाटायला लागे. बायका पाणी भरतानाही नीलमपुरातल्या मिठाच्या भावावरून वाद घालू लागल्या.

मग राजानं सहा राशींतली एक रास मागितली. शेतकरी ती गुपचूप देतील का, हे रमाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी सगुणाबाईंना विचारलं. गोष्टीतल्या माणसांसाठीच विचारताहेत, म्हणून सगुणाबाईही मोकळेपणानं सांगत गेल्या. ज्वारी लपवायची तर शहाणा माणूस पेव, म्हणजे धान्याचा खोल खड्डा, अंगणात खणत नाही. बैलांच्या गव्हाणीखाली खणतो. बैल कायम तिथं उभे असतात, शेणामुतानं नवी माती दिसत नाही आणि जमीन पोकळ वाजत नाही. खाली तुराट्या आणि कडबा अंथरायचा. पेव उघडलं की आधी दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर आत उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते.

रमाबाईंनी सगळं लिहून घेतलं. हे कुणाचं पेव, असं विचारलं नाही. सुचलंच नाही की मुद्दाम टाळलं, ते त्यांना पुढं कधी नीट सांगता आलं नाही.

शेजारच्या दुर्गाबाई वही घरी घेऊन गेल्या. त्यांचे यजमान लेव्हीच्या कामावर कारकून होते. त्यांनी ती कौतुकानं आपल्या साहेबांना दाखवली.

ते साहेब, काकासाहेब, एका सकाळी घरी आले. नरहरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. काकासाहेबांनी गोष्टीची तारीफ केली, मिठाचं बिलकुल बराबर साधलंय म्हणाले. मग कोपरा दुमडलेलं पान उघडलं आणि गव्हाणीखालचं पेव कुठं पाहिलंत, असं विचारलं. मनानंच लिहिलं, रमाबाई दाराआडून म्हणाल्या. 

"राजा-राणी मनानं लिहिता येतात, वहिनी," काकासाहेब म्हणाले. "दिवा सोडून बघायचा, हे पेवात उतरणाऱ्यालाच ठाऊक असतं."

खेड्यातून तुमच्याकडं कोण येतं, तूप कुठून येतं, त्यांनी नरहरांना विचारलं. नरहरांनी जमिनीकडं बघत तूपवालीच्या गावाचं नाव सांगितलं. उद्या सकाळी त्या बाजूला एक फेरी मारू, असं म्हणून काकासाहेब वही घेऊन गेले.

"तुम्ही नाव सांगितलंत," रमाबाई म्हणाल्या.

"आणि तू सगळं लिहिलंस," नरहर म्हणाले.

 नरहर कचेरीत गेले. रमाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि निघाल्या. गावाबाहेर त्या एकट्या कधी चालल्या नव्हत्या. ऊन तापलं होतं. मागून सायकलची घंटी वाजली की, गाडी आली की त्या बाभळीच्या आड उभ्या राहत. काकासाहेब उद्याची वाट न बघता आजच पोचले असतील, असं प्रत्येक वळणावर वाटत होतं.

सगुणाबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. रमाबाईंना बघून त्यांचं सूप थांबलं. रमाबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"आमचं नाव लिवलं का?"

"नाही."

"गव्हान लिवली?"

"हो."

सगुणाबाई खाली बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर रमाबाईंना बरं वाटलं असतं. सगुणाबाईंचे मालक, पुंजाराम, गव्हाणीवरचे बैल सोडायला गेले.

पेवात अकरा पोती होती. सहा माणसांचं वर्षाचं खाणं आणि पेरणीचं बी. दिवा रमाबाईंनीच सोडला. ज्योत लवली, पुन्हा उभी राहिली, तेव्हा पुंजाराम उतरले. सगुणाबाई घरोघर गेल्या. प्रत्येक घरानं टोपलंभर, दोन टोपली न्यायची आणि आपल्या कणगीत मिसळायची. चाळीस घरं, म्हणजे चाळीस तोंडं. त्यातलं एक जरी उघडलं तरी संपलं. रमाबाई टोपली भरून देत होत्या आणि नेणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा निरखत होत्या. दिवस मावळताना पेवाच्या तळाशी नुसता कडबा राहिला. तुम्ही इथं दिसला तर आम्ही मेलोच, असं म्हणत पुंजारामांनी त्यांना गाडीत बसवलं आणि अंबडच्या शिवेवर सोडलं.

 दुसऱ्या दिवशी रस्त्यावर बुटांचा आवाज आला की रमाबाई चुलीपासून उठत. संध्याकाळी नरहरांनी कचेरीतली खबर सांगितली. तूपवालीचं घर शोधून गव्हाण खणली, पेव निघालं, रिकामं. पेव आजोबाच्या काळचं आहे, एवढंच पुंजाराम सांगत राहिले. मारूनही दुसरं काही निघालं नाही. तीन दिवस त्यांना अंबडला कोठडीत ठेवलं, मग सोडून दिलं. नरहरांकडं मात्र कुणी आलं नाही. तरी पुढं कित्येक महिने दाराची कडी वाजली की ते आधी पत्नीकडं बघत.

सगुणाबाई दोन महिन्यांनी आल्या. मालकांचा डावा कान आता ऐकत नाही, म्हणाल्या. अकरांतली सात पोती परत आली, उरलेली चार गावातल्यांनी भरपावसात खाऊन टाकली. त्यांचीबी पोरं उपाशी होती, त्यांना काय म्हनावं.

आपण आता गोष्ट लिहीत नाही, असं रमाबाई म्हणाल्या.

"लिवा की," सगुणाबाई म्हणाल्या. "पन मला इचारू नका. आता ज्वारी कुठं ठिवलीय, ते तुमाला सांगायचं न्हाई."

 सगुणाबाईंनी तूप मोजून दिलं, पैसे पदराला बांधले आणि उंबऱ्याशी न बसताच निघून गेल्या.