बत्तीस अंश सहा

शरदाच्या सोनसळी उन्हात पहुडलेला तो अनादि, अनंत, नीलकांती सागर कधी खोटे बोलत नाही. टेकडीवरच्या सागर-अभ्यास केंद्रातल्या संगणकाला मात्र हे मान्य नव्हते.

संगणकाला चाळीस वर्षांचा समुद्र पढवला होता. पाण्याची ऊब, वाऱ्याची वाट, मेघांची जन्मवेळ. सारे आकडे पचवून तो पुढचे पाच दिवस सांगे. पढवणारी शर्मिष्ठा तांडेल. फार बहकलेला आकडा म्हणजे उपकरणाचा बिघाड, तो आपोआप गाळावा, हा नियमही तिचाच. त्याबद्दल तिला शाल आणि श्रीफळ मिळाले होते.

मंगळवारी भर समुद्रात डुलणारा एकाकी, पीतवर्णी मापक बोलला: पाणी बत्तीस अंश सहा. चाळीस वर्षांत ते एवढे कधी तापले नव्हते. म्हणून संगणकाने आकडा गाळला. पडद्यावर पाच दिवस उमटले, निळे, निद्रिस्त, निरागस.

दुपारी खालच्या बंदरातून शर्मिष्ठेच्या बापाचा फोन आला.

"पाणी कढत लागता गो चेडवा. पाय घातलंय तर चटको बसलो."

"बाबा, चाळीस वर्सां तुमच्या पायाक आसत, तशी माझ्या यंत्राकव आसत. समुद्र शांत आसा. तुमी जावा."

"तू सांगतंस तर जातंय," म्हातारा हसला. "पाय खंय शाळेत गेलो? येताना तुका सुरमई हाडतंय."

होडी गेली. ऊन सोनसळीच होते.

गुरुवारी सागराने श्वास घेतला. तापल्या पाण्याची वाफ, वाफेचा मेघ, मेघाचा भोवरा. आणि भोवऱ्याच्या काळ्याभोर, गरगरत्या, भुकेल्या डोळ्यात एक होडी, तिळाएवढी.

सागर उदार. बापाने सुरमईसाठी नेलेली बर्फपेटी शनिवारी त्याने किनाऱ्याला परत केली. आत थोडा बर्फ अजून शिल्लक होता.

गाळलेला तो एक आकडा सोमवारी शर्मिष्ठेने मंगळवारच्या अंदाजात परत घातला. संगणक क्षणभर गुरगुरला, आणि पडद्यावर वादळ उमलले, दोन दिवस आधी, रक्तवर्ण, कमलाकृती, अचूक. पाकळ्यांच्या मधोमध बापाची जागा.

बैठकीत ती ते चित्र दाखवून उभी राहिली. "हा आकडा माझ्या नियमानं गेला, सर. आणि त्याच्यामागून माझे बाबा."

पंख्याची पाती फिरत राहिली. खिडकीत सागर चमकत राहिला, नीलकांती, सत्यवचनी. केंद्रप्रमुख धोपेश्वरकरांनी चष्मा पुसला, चित्र पुन्हा न्याहाळले, आणि हळुवारपणे म्हणाले,

"मॅडम, तेवढा लाल रंग जरा निळा करून द्याल का? अहवालाच्या छपाईत लाल फार पसरतो."