आधी पाय, मग अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण मला रस्त्यावर शोधू नका. मी उभ्या आयुष्यात एकही रस्ता पाहिलेला नाही. मी व्यायामाची सायकल. मला एकच चाक, आणि तेही जमिनीला न टेकणारं. कितीही पायडल मारा, मी जागची तसूभर हलत नाही. लोकांना याचं हसू येतं. येऊ द्या. ज्या दिवशी भल्याभल्या मोटारी पाण्यात बुडाल्या, त्या दिवशी आमच्या इमारतीची बातमी जगाला कोणी कळवली, हे ऐकलंत की मग हसा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडाच्या जाड नळ्या कापून, वाकवून, जोडून माझा सांगाडा तयार केला. त्यावर काळा रंग चढला. शेवटी एका कामगाराने माझ्यावर बसून चाक गरगर फिरवलं, सीटवर थाप मारली आणि म्हणाला, "पक्की आहे!" ती माझी पहिली शाबासकी. पुढची कित्येक वर्षं ती मी पुरवून पुरवून वापरली.

मला विकत घेतलं एका बेकरीवाल्याने. चाखल्याशिवाय माल विकायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यामुळे बेकरी वाढली तसं त्यांचं पोटही वाढलं आणि डॉक्टरांनी डोळे वटारले. त्यांची बायको इस्पितळात नर्स. मला दारातून आत येताना पाहून त्या म्हणाल्या, "अहो, यावर बसून तुम्ही पोचणार तरी कुठे?"

"तू बघच," बेकरीवाले म्हणाले.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझ्या वाट्याला तेवढेही आले नाहीत. आधी माझ्या हँडलवर एक टॉवेल आला. मग त्यांचे शर्ट आले, नर्सबाईंचा गणवेश आला, त्यांच्या छोट्या मुलीचे मोजे आले. छोटी तर मला 'कपड्यांची सायकल' म्हणायची. मी मुकाट्याने सगळं वाळवलं. पण खरं सांगते, मित्रांनो, एखाद्याला ज्यासाठी घडवलं ते काम मिळत नाही, त्याहून मोठं दुःख नाही.

मग ते चक्रीवादळ आलं.

आदल्या दिवसापासून वारा घोंगावत होता. नर्सबाई ड्यूटीवर होत्या, नदीपलीकडच्या इस्पितळात. वाऱ्याने झाडं उपटली, खांब पाडले. मागोमाग नदी आणि समुद्र हातात हात घालून शहरात शिरले. तळमजल्यावरची बेकरी भट्टीसकट पाण्याखाली गेली. आमचं घर पहिल्या मजल्यावर. पाणी जिन्याच्या एकेक पायरीवर चढत आलं आणि उंबरठ्याखाली थांबलं. वीज गेली. सगळी इमारत वरच्या मजल्यावर, गच्चीच्या दारापाशी गोळा झाली, कारण फोनला रेंज मिळायची ती फक्त तिथेच. पण रेंज असून उपयोग काय? सगळ्यांचे फोन माना टाकत होते. बेकरीवाल्यांनी नर्सबाईंना किती वेळा फोन लावला, पण तो लागला नाही. शेवटी त्यांचा स्वतःचा फोनही विझला.

ते छोटीसाठी कोरडे कपडे घ्यायला खाली आले, सोबतीला तिसऱ्या मजल्यावरचे वायरमन होते. बेकरीवाल्यांनी माझ्यावरचे कपडे उचलले आणि वायरमनला मी दिसले. कपड्यांशिवाय मला कोणी पाहिलं, त्याला किती वर्षं झाली होती!

"हिचं चाक फिरतं का हो?" वायरमनने विचारलं.

"फिरत असेल बुवा. इतक्या वर्षांत बघितलंय कुठे!"

वायरमनने पायडल हाताने ढकललं. चाक फिरलं. गंजाने मी थोडी कुरकुरले, पण फिरले. त्यांचे डोळे चमकले. मग वरून आणखी दोघांना बोलावून चौघांनी मला उचललं आणि जिना चढून वर नेलं. तो माझा पहिला प्रवास. काय सांगू त्याचा थाट!

वायरमनने घरात पडलेली बॅटरीवरच्या स्कूटरची मोटर आणली, पट्टा घालून माझ्या चाकाला जोडली, वायरी ओढल्या. चाक फिरलं की मोटर फिरायची आणि वीज तयार व्हायची. एका फोनला पुरेल इतकीच. पण पहिला फोन उजळला तेव्हा सगळ्या जिन्यात टाळ्या वाजल्या. मला कारखान्यातली ती थाप आठवली.

फोन अनेक, सायकल एक. म्हणून वायरमनने नियम घातला, "आधी पाय, मग अंगठा! ज्याला बातमी टाकायची, त्याने आधी पायडल मारायचं." आणि गंमत बघा, एरवी लांबण लावणारी माणसं दोन ओळींवर आली. 'आम्ही सगळे सुखरूप.' 'औषधं हवीत, होडी पाठवा.' 'अमुक गल्लीत पाणी उतरतंय.' घाम गाळून टाकलेल्या त्या बातम्या वाचून होडीवाले खरोखर आले, औषधं आली, पाण्याचे कॅन आले.

आमच्याकडे एक काकू होत्या. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे त्यांना बातमीकाकू म्हणत. आलेला निरोप वाचून व्हायच्या आत पुढे ढकलायचा, ही जित्याची खोड. सूर्य उद्या उगवणार नाही असं कोणी लिहिलं, तरी काकूंनी ते साऱ्या गणगोताला पाठवलं असतं. त्यांच्या फोनवर एक फोटो आला. एक मोठी इमारत ढासळली होती. खाली लिहिलं होतं: 'नदीपलीकडचं इस्पितळ कोसळलं. कोणी वाचलं नाही. सगळ्यांना पाठवा.'

काकूंनी ते मोठ्याने वाचलं. वाचल्यावर त्यांना भान आलं की बेकरीवाले समोरच उभे आहेत. ते भिंतीला टेकून मटकन खाली बसले. छोटीने विचारलं, "बाबा, आईचं इस्पितळ?" त्यांनी तिला जवळ ओढलं.

काकूंच्या फोनचा जीवही जेमतेम उरला होता. सवयीने त्यांचा अंगठा पुढे झाला.

"काकू," वायरमन म्हणाले, "आधी पाय."

"अहो भाऊ, एवढी मोठी बातमी आहे, आणि तुमचं नियमाचं काय चाललंय!"

"सगळ्यांना एकच नियम. बसा."

काकू फणकाऱ्याने माझ्यावर चढल्या. फोन समोर कठड्यावर ठेवला होता, त्यावर तो फोटो. मी फिरू लागले. काकूंना धाप लागली, पण नजर दुसरीकडे वळवायला जागाच नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्या एखादी बातमी इतका वेळ बघत होत्या. आणि एकाएकी त्यांचे पाय थांबले.

"अगं बाई! इथे तर धूळ उडतेय!"

सगळे पुढे सरसावले. खरंच, त्या पडक्या इमारतीभोवती धुळीचे लोट होते. रस्ता कोरडा ठणठणीत, बघ्यांच्या पायांत चपला, डोक्यावर ऊन. आमच्या शहरात तर बोट टेकवायला कोरडी जागा नव्हती! फोटो कुठला तरी दुसरीकडचा, कधीचा तरी जुना होता.

काकूंनी तो निरोप पुढे पाठवला नाही. त्यांनी स्वतः लिहून साऱ्या गणगोताला आणि शहरभरच्या ओळखीच्यांना पाठवलं: 'हा फोटो आपल्याकडचा नाही. पुढे पाठवू नका. इस्पितळात कोणी असेल तर खरं काय ते सांगा. इथे बेकरीवाल्यांची मुलगी तिच्या नर्स आईची वाट बघतेय.' मग त्या खाली उतरल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आता तुम्ही बसा. उत्तर येईपर्यंत फोन विझता कामा नये."

बेकरीवाले बसले. मित्रांनो, ज्या माणसाला दोन मिनिटांत तहान लागायची, तो माणूस थांबेचना. शर्ट घामाने चिंब झाला, तोंड भट्टीसारखं लाल झालं. वायरमन म्हणाले, "मी बसतो थोडा वेळ," तर त्यांनी नुसती मान हलवली. माझा प्रत्येक सांधा करकरत होता. मी स्वतःला बजावत होते, आज मोडायचं नाही.

फोन वाजला. इस्पितळातल्या एका रुग्णाच्या बहिणीने लिहिलं होतं: 'इमारत उभी आहे. नर्सबाई माझ्या शेजारीच आहेत. त्यांचा फोन पाण्यात गेला. विचारतायत, मुलगी जेवली का?'

साऱ्या जिन्याचा जीव भांड्यात पडला. छोटी तर माझ्या हँडलला लटकूनच नाचली. काकूंनी भराभर लिहिलं: 'जेवली. तुमचे यजमान सायकल मारतायत, त्यावर हा फोन चालू आहे.'

थोड्या वेळाने उत्तर आलं. ते नर्सबाईंनी स्वतः टाइप केलं होतं: 'ही बातमी खोटी वाटते. आमचे हे आणि सायकल? फोटो पाठवा.'

इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळे पोट धरून हसले. बेकरीवालेही हसले, आणि हसता हसता रडले. काकूंनी फोटो काढला. घामाने निथळणारे ते, मागे छोटी, आणि मधोमध मी. अंगावर एकही कपडा नसलेली, काळीभोर, रुबाबदार. तो फोटो आमच्या शहरातल्या इस्पितळापासून थेट परदेशापर्यंत फिरला. अनोळखी लोकांनी लिहिलं, 'वा रे सायकल!' जागची न हलता मी जग फिरून आले.

पाणी ओसरलं तशा नर्सबाई घरी आल्या. छोटीला कितीतरी वेळ पोटाशी धरून बसल्या. मग उठून ओला गणवेश सवयीने माझ्या हँडलवर टाकायला गेल्या.

"अगं अगं, तिच्यावर नको!" बेकरीवाले ओरडले.

त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या. "यावर बसून पोचलात की हो माझ्यापर्यंत," त्या म्हणाल्या आणि माझ्या सीटवर एक थाप मारली. माझ्या आयुष्यातली ती दुसरी. ऊर कसा भरून येतो, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून सांगते, मित्रांनो. हातात आलेली बातमी पुढे ढकलण्याआधी मनातल्या मनात थोडं पायडल मारा, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नीट बघा. कदाचित कुठेतरी धूळ उडताना दिसेल. आणि तुमच्याही घरात माझ्यासारखी कोणी कपड्यांच्या ढिगाखाली उभी असेल, तर आज तो ढीग बाजूला करा. तेलाचे दोन थेंब सोडा. तिचं चाक फिरतं का, एवढं तरी बघा.