बाळंतिणीचं पाणी

कृष्णात तसा माशांच्या नादाला लागणारा माणूस नव्हता. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभं राहून त्याची सारी हयात गेली. पोरगा सयाजी काचेच्या टाकीत एंजल मासे पाळायचा, तेव्हा "खायचा न्हाय तो मासा कशाला पोसायचा?" म्हणून हाच त्याची टर उडवायचा. पावसाळ्यात काविळीनं सयाजी गेला आणि टाकी बापाच्या गळ्यात पडली.

सयाजीची आई, बाळाबाई, त्या दिवसापासून असून नसल्यासारखी झाली होती. भाकऱ्या थापायची, नवऱ्यापुढं ताट सरकवायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. तोंडातून अवाक्षर निघत नव्हतं. कृष्णातला घर खायला उठायचं.

दिवाळी झाली आणि माशांच्या जोडीनं टाकीतल्या एका रुंद पानावर अंडी घातली. याआधी या नतद्रष्टांनी आपलीच अंडी गिळून टाकली होती. या खेपेला मात्र दोघं पानासमोरून हलेनात. परांनी वारा घालत राखण करत राहिली. अंड्यांतून बारीक शेपट्या वळवळायला लागल्या, तशी बाळाबाई आपणहून उठून टाकीपाशी आली.

"अगं बया, केवढुशी हायत ही!"

कृष्णातनं तोंड फिरवून डोळे पुसले. कितीतरी महिन्यांनी घरात तिचा आवाज आला होता. ही पिल्लं जगली तर बाळाबाई माणसांत येणार, नाहीतर काही खरं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

टाकीतलं थोडं पाणी रोज बदलावं लागे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास, म्हणून ते आदल्या दिवशीच प्लॅस्टिकच्या बादलीत भरून ठेवायचं, अशी सयाजीची रीत. एका सकाळी कृष्णात जेवणाचा डबा घेऊन कामावर निघाला, तर टाकीशेजारी भरलेला तांब्याचा हंडा! पोरगा गेल्यापासून काळा पडलेला हंडा बाळाबाईनं चिंच-मीठ लावून लखलखीत घासला होता आणि कालपासून त्यात पाणी भरून ठेवलं होतं.

"बाळंतीण हाय ती," बाळाबाई म्हणाली. "तिला काय बादलीतलं पाणी द्यायचं व्हय?" आणि चक्क हसली.

कृष्णात दारातच थबकला. एकदा त्यानं तांब्याच्या कळशीतलं पाणी टाकीत ओतायला घेतलं होतं, तेव्हा सयाजी केवढा खेकसला होता! तांबं म्हणजे माशांना विष, पुन्हा असलं काही करू नका, म्हणाला होता. कृष्णातनं सांगायला तोंड उघडलं. पण बाळाबाई पदरानं हंड्याचा काठ पुसत होती, अजून हसतच होती. ते हसू मोडायचं त्याच्या जिवावर आलं. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय, अशी स्वतःची समजूत घालून त्यानं पायात चपला सरकवल्या. जन्मभर वाटेल तिथं तोंड चालवणारा माणूस, नेमका तिथंच गप्प बसला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा पिल्लं पानावरून गळून तळाशी पडली होती. एकही वळवळत नव्हतं. मादी आडवी तरंगत होती आणि नर पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होता. बाळाबाई जमिनीवर बसली होती. हंडा रिकामा होता. तिनं सगळाच्या सगळा ओतला होता.

"हंड्याच्या पाण्यानंच झालं न्हवं?" तिनं विचारलं.

"न्हाय गं. हवा बदललीया, त्यानं झालं आसंल."

"पाणी घातलं आन् बघता बघता पडली की सगळी." तिनं वर बघितलं. "तुमाला ठावं न्हवतं?"

"मला काय ठावं आसणार?" कृष्णात म्हणाला.

बाळाबाईनं मान हलवली. तिला ते खरं वाटलं होतं, आणि तेच त्याला सोसेना.

"सयाजी आसता तर त्यानं मला आडवलं आसतं," ती म्हणाली.

"व्हय," कृष्णात म्हणाला. "त्यानं आडवलं आसतं."