भिकाजी पोस्टमनच्या पायातली गवंडीण

मी एक जुनी स्नायुपेशी आहे, मित्रांनो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. रत्नागिरीजवळच्या वाड्यांवर टपाल वाटणाऱ्या भिकाजी पोस्टमनच्या उजव्या मांडीत, धमनीच्या भिंतीत मी राहते. काम साधं: गरजेप्रमाणे धमनी आवळायची, सैल सोडायची. माझ्या लाखो बहिणी तेच करत. वीस-पंचवीस वर्षं आमची तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं, कारण आम्ही आहोत हेच भिकाजीला ठाऊक नव्हतं.

मग त्याची बिडी वाढली. धुरातलं विष रक्तातून येई आणि धमनीचं नाजूक अस्तर दुखावे. अस्तर दुखावलं की आम्हांला निरोप येतात. तेव्हा मी एक अजब गोष्ट केली. आवळण्या-सोडण्याचं काम टाकलं, रूपच पालटलं आणि सरकत सरकत अस्तराखाली जाऊन गवंडीण झाले. एकीच्या दोघी, दोघींच्या चौघी झालो. धागे तयार करून जखमेवर लिंपण घातलं. जखम बुजली. पण पुन्हा धूर, पुन्हा जखम, पुन्हा लिंपण! वर चरबी येऊन बसली. रक्ताची वाट अरुंद झाली आणि चालताना खाली पोटरीला रक्त पुरेना.

१९८४ साली जांभ्या दगडांची पाखाडी चढताना, निम्म्या पायऱ्यांवरच भिकाजीच्या पोटरीत पेटके येऊ लागले. तो पाखाडीच्या मध्यावर राहणाऱ्या मालनकाकींच्या खळ्यात बसे, बिडी ओढे. बिडी संपेतो दुखणं जाई. झालं, बिडी हेच औषध अशी त्याची खात्री पटली. त्याला तिथे सारखं बसलेलं पाहून वाडीतले लोक म्हणत, भिकाजी हल्ली फार गप्पिष्ट झालाय. ऑफिसात मात्र कुजबुज होती, की चढवत नसेल तर याची फेरी दुसऱ्याला द्यावी. फेरी गेली तर भिकाजी खचला असता, हे काकी ओळखून होत्या.

भात झोडून खळ्यात पेंढा रचला, त्या दिवशी त्यांनी त्याची काडेपेटी काढून घेतली.

"पेंढा पेटवशील माझा. नुसता बस."

तो कुरकुरत बसला आणि थोड्या वेळाने नेहमीसारखा उठला.

"पोटरी सुटली?"

"सुटली, काकी."

"मग सोडवली कुणी? माझ्या पेंढ्याने?"

काकींनी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरांनी पावलाची नाडी चाचपली आणि सांगितलं, की दुखणं थांबतं ते बसल्यामुळे; बिडी ते वाढवते. बिडी बंद. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

महिनाभर तो सगळ्यांवर डाफरत होता. पण आमच्याकडे येणारे निरोप कमी झाले. बऱ्याचजणी थांबलो, काही जुन्या कामाकडे वळल्या. घातलेलं लिंपण काही उतरलं नाही. रोजच्या चालण्याने रक्ताच्या शेजारच्या बारीक वाटा मात्र रुंदावल्या. शिमग्याच्या सुमारास भिकाजी न बसता पाखाडी चढला. फेरी त्याचीच राहिली.

मित्रांनो, आम्हांला डागडुजी येते, पण पुरे कधी म्हणायचं ते कळत नाही. म्हणून जखमच होऊ देऊ नका. तुमच्या घरी कुणी म्हणत असेल की बिडीने दुखणं पळतं, तर त्याची काडेपेटी मागून घ्या आणि त्याच्याशेजारी नुसते बसा. दुखणं कशाने गेलं, ते त्याचं त्यालाच बोलू द्या.